पंचवीस हजार फुटांवरची सही

विमानासाठी नारळ फोडायचा, पण विमानाजवळ फोडायचा नाही, असा आमच्या हँगरचा नियम आहे. करवंटीचा एखादा तुकडा इंजिनात गेला तर सगळंच आटोपलं. म्हणून नारळ पत्र्याच्या ट्रेमध्ये फोडतात, तुकडे मोजतात आणि मोजणारा सही करतो. त्या सोमवारी ती सही माझी होती. अकरा तुकडे. विमानाच्या अंगावर कुंकू लावायलाही बंदी, म्हणून स्वस्तिक चिकटपट्टीवर काढून आणलं होतं, फोटो झाला की सोलून काढायचं. एवढी काळजी घेणारी माणसं बघून पाहुण्यांना भरून येतं. मला आता येत नाही. नारळाचे तुकडे मोजणाऱ्या या कंपनीनं माणसं कशी मोजली, ते मला ठाऊक आहे.

मी कुमुद बोरकुटे. नागपूर विमानतळामागे 'व्योमरक्षा' नावाची कंपनी आहे, तिथं प्रमाणन अभियंता. जुन्या विमानात नवी खुर्ची, नवा दरवाजा, आग विझवायचं नवं यंत्र, काहीही बसवलं की ते उडण्यालायक आहे असं लिहून खाली सही करायची आणि शिक्का मारायचा, हे माझं काम. शिक्क्यावर नंबर असतो. तो नंबर मरेपर्यंत माझा. उद्या विमान पडलं तर चौकशीवाले आधी तो नंबर शोधतील.

त्या विमानात आम्ही 'प्राणसखा' बसवला होता. नावं ठेवायला आमच्याकडे वेगळा विभाग आहे आणि त्या विभागाला दुसरं काही जमत नाही.

विमानातली हवा उंचावर असताना निसटली तर डोक्यावरून पिवळे मुखवटे पडतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या मुखवट्यांमागे प्राणवायू तयार करणारी रसायनाची डबी असते आणि ती जेमतेम बारा-पंधरा मिनिटं चालते, हे कुणाला ठाऊक नसतं. एरवी तेवढी पुरते, कारण तोवर वैमानिक विमान दहा हजार फुटांवर उतरवतो आणि तिथं माणसाला आपला आपण श्वास घेता येतो. पण दोन वर्षांपूर्वी हिमालयापलीकडच्या पठारावरून नवे हवाईमार्ग खुले झाले. तिथं जमीनच पंधरा हजार फुटांवर. विमान खाली आणणार कुठं? अशा मार्गावर तासभराचा प्राणवायू लागतो. तेवढ्या टाक्या चढवायच्या तर तीस प्रवासी उतरवावे लागतात, आणि हे दुःख कुठल्याच विमान कंपनीला सोसत नाही.

प्राणसखा हे त्यावरचं उत्तर. मुखवट्याच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा दिवा आणि तेवढाच डोळा, दोन्ही गालाच्या हाडावर टेकतात. दिवा त्वचेत दोन तऱ्हेचा प्रकाश सोडतो. एक लाल, दुसरा डोळ्यांना न दिसणारा. प्राणवायूनं भरलेलं रक्त लाल प्रकाश सोडून देतं, रिकामं रक्त तो गिळतं. परत आलेल्या प्रकाशावरून यंत्र सांगतं की या माणसाच्या रक्तात प्राणवायू किती टक्के आहे. अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला की मुखवट्यात एक फुंकर, वर असेल तर काही नाही, मुखवट्यातून आजूबाजूची विरळ हवाच आत येते. ज्याला गरज त्यालाच प्राणवायू. एक टाकी, दीडशे माणसं, एक तास. कल्पना हुशार होती. हे मी आधीच मान्य करून टाकते, कारण यापुढे मान्य करण्यासारखं फारसं काही नाही.

अडचण एकच. त्वचेतला रंगही प्रकाश गिळतो. म्हणून यंत्राला शिकवावं लागतं. माणसांना पोलादी कोठीत बसवायचं, पंपानं हवा काढून वरच्यासारखी विरळ करायची, दर मिनिटाला मनगटातून रक्त घेऊन खरा आकडा यंत्राला सांगायचा. असं हजारो वेळा केलं की यंत्र स्वतःच अंदाज बांधायला शिकतं. आमचं यंत्र दोनशे बारा स्वयंसेवकांवर शिकलं. या शिकवणीचा प्रमुख होता शेखर बोरकुटे, माझा नवरा, लग्नाला एकवीस वर्षं झालेला.

गोष्ट सुरू झाली ती चहाच्या सुट्टीत. हँगरमधल्या पोरांनी बाकावरच्या चाचणी-मुखवट्यावर पैज लावायचा खेळ काढला होता. श्वास पूर्ण सोडायचा, नाक-तोंड दाबायचं आणि मुखवटा गालाला लावून उभं राहायचं. ज्याला यंत्र आधी फुंकर मारेल तो हरला, त्यानं समोसे आणायचे. यंत्र शाळेतल्या मास्तरासारखं निर्णय देतं म्हणून यांना त्याचं भारी कौतुक. आणि रोज जिंकायचा तुळशीराम उईके, दिवसाला वीस बिड्या ओढणारा आमचा पत्रेवाला. वरच्या मजल्यावरच्या स्टोअरला जाताना दोनदा थांबणारा माणूस. हरायचा निखाडे, जो मॅरेथॉन धावतो आणि ते रोज सांगतो.

"मॅडम, आपलं फुफ्फुस बैलाचं हाय बगा," उईके म्हणाला. त्याचे ओठ जांभळे पडले होते, हात बाकावर टेकलेले. पडद्यावर आकडा होता सत्त्याण्णव.

"पुन्हा कर," मी म्हणाले.

"आता नाई होत ना बाप्पा. चक्कर येऊन राहिली."

सत्त्याण्णव टक्के प्राणवायू आणि चक्कर. आजूबाजूला सहा अभियांत्रिकी पदवीधर उभे होते आणि सगळे टाळ्या वाजवत होते. पंधरा दिवस टाळ्या वाजवत होते. यंत्र चुकत असेल हे त्यांच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. उईकेला बैलाचं फुफ्फुस आहे, हे मात्र लगेच पटलं.

मी शेखरच्या केबिनमध्ये गेले.

"बिड्या ओढतो ना तो?" शेखर मान वर न करता म्हणाला. "बिडीवाल्याच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यानं आकडा फुगतो. जुनी गोष्ट आहे, कुमुद. तुला माहीत पाहिजे."

मला माहीत होतं. उत्तर बरोबर होतं आणि म्हणूनच मला राग आला, कारण ते फार पटकन आलं. मी बाकाशी गेले. मी आयुष्यात बिडी ओढलेली नाही. श्वास सोडला, नाक दाबलं. डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत उभी राहिले. यंत्रानं मला फुंकर मारली नाही. आकडा पंच्याण्णव.

उईकेचा आणि माझा रंग एक आहे. हे मी इथं लिहून ठेवते, कारण आमच्याकडे ते कुणी बोलत नाही. आमच्याकडे 'सावळी' म्हणतात, 'नाकी-डोळी नीटस' म्हणतात, 'रंग उन्हाळी आहे' म्हणतात. हे शेवटचं सासूबाई म्हणाल्या होत्या, बघण्याच्या दिवशी, माझ्यादेखत. शेखर गोरा. 'मी रंग बघितला नाही,' हे वाक्य त्यानं एकवीस वर्षांत प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात लोकांना ऐकवलं. लोक माझ्याकडे बघून मान डोलवायचे. नशीब काढलं पोरीनं, असा त्या डोलावण्याचा अर्थ. मीही हसायचे. मला तो आवडत होता. हे लिहायला आता लाज वाटते, पण आवडत होता.

स्वयंसेवकांची यादी मला शेखरनं दिली नाही. "फाइल ऑडिटला गेली," म्हणाला. ती दिली डॉक्टर फाटकांनी. हे हवाई दलातून निवृत्त झालेले डॉक्टर, कोठीची जबाबदारी त्यांची. कपाटातून जाडजूड फाइल काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

दोनशे बारा फोटो. नियमात लिहिलं होतं की निम्म्या बायका हव्यात, इतके पन्नाशीच्या वरचे हवेत, इतके वजनदार हवेत. सगळं तंतोतंत पाळलेलं. रंगाबद्दल नियमात अक्षर नव्हतं, आणि जे नियमात नाही ते आमची माणसं कधी करत नाहीत. चाचण्यांचं चित्रीकरण करून त्याचीच जाहिरात काढायची ठरलं होतं, म्हणून माणसं निवडायला प्रचार विभागही बसला होता. फाइल उघडली आणि वाटलं, वधूवर मंडळाच्या कार्यालयात आले. स्वागतकक्षातल्या मुली, लेखा विभागातली गोरी-घारी मंडळी, कुणाची मावशी, कुणाचा पुण्याचा भाऊ. विदर्भाच्या उन्हात, नागपूरसारख्या गावात, दोनशे बारा माणसं अशी गोळा करायची म्हणजे कष्टच घेतले असणार. या देशातल्या माणसांचा जीव वाचवणारं यंत्र या देशातली माणसं वगळून शिकवलं होतं, आणि ते कुणा कपटी माणसानं नाही, कॅमेऱ्याची चौकट सुंदर दिसावी म्हणून गोड हसणाऱ्या चार जणांनी.

शेवटच्या पानावर नाकारलेल्यांची नावं होती. उईके होता. कँटीनच्या लताबाई होत्या. एकतिसावं नाव माझं. मी अर्ज केला होता हे मी विसरूनही गेले होते. तेव्हा शेखर म्हणाला होता, "वयाची मर्यादा आली गं, नाहीतर घेतलं असतं." माझ्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात होतं: 'व्हिडिओसाठी अनुरूप नाही.' अक्षर शेखरचं. 'अ'ची शेपटी तो अशीच लांब ओढतो. आमच्या किराण्याच्या याद्यांवर, 'आवळा' या शब्दात, ती मी वर्षानुवर्षं बघत आले आहे.

घरी जेवताना मी विचारलं. त्यानं वरण वाढून घेतलं, मग म्हणाला, "अगं, ते प्रचारवाल्यांनी सांगितलं. मी फक्त लिहिलं."

"यंत्र चुकून राहिलं, शेखर. माझ्यासारख्या माणसाला ते गुदमरू देईल."

"तू जास्तच लावून घेऊन राहिली. पुढच्या आवृत्तीत सुधारू ना. पहिल्या विमानानंतर."

"पहिल्या विमानात कोण बसणार आहे?"

"कुमुद, तू नाही सही केली तर पुण्याहून डबीर येऊन करेल. विमान जायचं ते जाईलच. नुसती आपली दोघांची पंचाईत होईल."

यात खोटं काहीच नव्हतं. डबीरनं आजवर सही नाकारली असेल तर ती फक्त स्वतःच्या लग्नाच्या नोंदवहीत. मी नकार दिला तर दुसरा शिक्का उमटणार आणि दीडशे माणसं पठारावर जाणार. त्यातली निम्मी माझ्या रंगाची असणार. हवा निसटली की पडदा हिरवा राहणार आणि ती शांतपणे बेशुद्ध होणार. नकार पुरेसा नव्हता. कुणाला झाकता येणार नाही असं काहीतरी कागदावर यायला हवं होतं.

नियमावलीत एक कलम आहे, ते कुणी वापरत नाही. शिक्का मारणाऱ्याला शंका आली तर तो एक चाचणी आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा मागू शकतो. तिला साक्षी चाचणी म्हणतात. तिचे सगळे कागद त्याच दिवशी परवाना कार्यालयात जातात, ते कंपनीला अडवता येत नाहीत. मी ती मागितली आणि स्वयंसेवक म्हणून स्वतःचं नाव लिहिलं.

संचालक सरदेशमुखांनी मला बोलावून चहा पाजला. "करा ना मॅडम, अवश्य करा," ते म्हणाले. "सुरक्षा आमच्यासाठी संस्कार आहे." हे वाक्य त्यांच्या मागच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं आहे. ते त्याच्याकडे न बघता म्हणतात, एवढा सराव आहे.

बुधवारी सकाळी अकराला मी कोठीत शिरले. आत मी आणि डॉक्टर फाटक. त्यांच्या तोंडावर स्वतंत्र टाकीचा साधा मुखवटा, माझ्या तोंडावर प्राणसखा. माझ्या मनगटात सुई. बाहेर नियंत्रणाच्या खुर्चीवर शेखर, त्याच्या मागे सरदेशमुख. शेखरच्या समोर पडदा आणि उजव्या हाताला, फूटभरावर, जाड काचेची खिडकी. नियम असा की दर अर्ध्या मिनिटाला खिडकीतून आत बघायचं आणि डॉक्टरांनी हात वर केला की हवा सोडायची.

"हातात काय आहे?" शेखरनं माइकवरून विचारलं.

"लिहायचा कागद," मी म्हणाले. अशा चाचणीत माणसाला काहीतरी लिहायला लावतात, मेंदू किती ताळ्यावर आहे ते कळतं. शेखरनं पुढे विचारलं नाही. कागद कुठला, हे विचारायला हवं होतं. माझ्या खिशात शिक्काही होता.

पंप सुरू झाला. कानात दडे बसले. दहा हजार, अठरा हजार, पंचवीस हजार. डॉक्टर म्हणाले, शंभरातून सात वजा करत जा. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. मग मला सात हा आकडाच फार गमतीदार वाटायला लागला.

प्राणवायू कमी पडला की माणूस घाबरतो, असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. मला फार छान वाटायला लागलं. खिडकीपलीकडे सरदेशमुख दिसत होते आणि ते किती सज्जन गृहस्थ आहेत असं वाटलं. प्रचार विभागातल्या पोरींबद्दल माया दाटून आली. सासूबाई आठवल्या आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं. सतरा वर्षांच्या नोकरीत जमवलेला माझा सगळा तिरस्कार विरघळून गेला. तेव्हाच मला कळायला हवं होतं की माझ्या मेंदूचं काही खरं नाही.

यंत्रानं एकदाही फुंकर मारली नाही.

"लिहा," डॉक्टर म्हणाले. मी कागद मांडीवर घेतला आणि आनंदानं सही केली. मग खिशातून शिक्का काढून मारला. अगदी लग्नाच्या नोंदवहीत करतात तशा कौतुकानं. नंतर डॉक्टरांनी हात वर केला.

पुढचं मला आठवत नाही, त्यांनी सांगितलं. हात वर केला आणि काही झालं नाही. डॉक्टरांनी खिडकीतून बघितलं तर शेखर पडद्याकडे बघत होता. पडदा हिरवा होता. आकडा एक्याण्णव. डॉक्टरांनी दुसरा मुखवटा माझ्या तोंडावर दाबला आणि मोकळ्या हाताच्या मुठीनं काचेवर मारलं. तीन वेळा. तिसऱ्या ठोक्याला शेखरनं मान वळवली.

एकवीस वर्षं ज्या माणसाशेजारी झोपले, तो फूटभरावरच्या खिडकीतून माझा चेहरा बघू शकत होता. चेहरा निळा पडत होता. त्यानं यंत्राला विचारलं, मी ठीक आहे का. यंत्र हो म्हणालं.

तासाभरानं बैठकीच्या खोलीत रक्ताचा अहवाल आला. पडद्यावर एक्याण्णव होतं त्या मिनिटाला माझ्या रक्तात चौसष्ट टक्के.

सरदेशमुखांनी अहवाल वाचला, चष्मा पुसला. "एकच नमुना आहे," ते म्हणाले. "प्रयोगशाळेची चूक होऊ शकते. सुई हलली असेल. एका व्यक्तीवरून एवढ्या मोठ्या प्रकल्पाला..."

"बरोबर आहे सर," शेखर म्हणाला. माझ्याकडे न बघता.

"मग झालं तर," मी म्हणाले. "यंत्र बरोबर असेल तर काम झालंय. विमान सोडायच्या प्रमाणपत्रावर माझी सही झाली, शिक्काही मारला. आज सकाळी, अकरा वाजून चौतीस मिनिटांनी."

मी कागद टेबलावर ठेवला. प्राणसखाचं प्रमाणपत्र. खाली, सहीच्या जागेत, एक रेघ सुरू होत होती, ती 'कु'पर्यंत कशीबशी पोचली होती आणि मग घसरत घसरत कागदाच्या कडेवरून खाली गेली होती. शिक्का उलटा, तारखेच्या अंगावर. दोन वर्षांच्या लेकरानं भिंतीवर ओढलेल्या रेघा बऱ्या.

सरदेशमुख झटकन पुढे वाकले. "हे काय आहे? ही सही कशी चालेल?"

"का नाही चालणार?"

"अहो मॅडम, हे शुद्धीवरच्या माणसाचं काम आहे का? कुणीही..." आणि ते थांबले.

"पूर्ण शुद्धीत होते मी. एक्याण्णव टक्के. तुमचं यंत्र सांगतंय. यंत्र खरं असेल तर ही सही खरी, न्या विमान. आणि सही खोटी असेल तर तसं लिहून द्या. हा कागद साक्षी चाचणीचा भाग आहे, सर. त्याची प्रत पंधरा मिनिटांपूर्वी परवाना कार्यालयात गेली. आता ते डबीरला विचारतील, या कागदाच्या वर सही करतोस का."

सरदेशमुखांच्या मागे इथंही संस्कारांची तीच फ्रेम होती. डबीरनं दुपारी फोन करून आपल्याला ताप असल्याचं कळवलं. विमान हँगरमध्येच राहिलं. स्वस्तिकाची चिकटपट्टी कुणी सोलायची यावरून दोन विभागांत पत्रव्यवहार झाला.

आता यंत्र पुन्हा शिकणार आहे. नवी यादी सहाशे माणसांची, आणि ती मंजूर करायचं काम माझ्याकडे आलं. पहिलं नाव लताबाईंचं. दुसरं उईकेचं, आणि आपल्याला बैलाचं फुफ्फुस नाही हे ऐकून त्याचा चेहरा पडला. बिड्या सोडतो म्हणाला. सोडणार नाही.

शेखर घरी फार जपून वागतो. पाणी आणून देतो, पंखा कमी करू का विचारतो. परवा ताटावर बसला असता म्हणाला, "मला खरंच वाटलं तू ठीक आहेस. स्क्रीनवर दिसत होतं ना. अजून किती दिवस रागावून राहणार?"

राग असता तर उत्तर दिलं असतं.

स्वयंसेवकांच्या यादीबरोबर कोठीच्या नियंत्रकांचीही यादी मंजूर करावी लागते. ज्यांनी पडद्यासमोर, खिडकीशेजारी बसायचं त्यांची. त्यात चार नावं आली होती. तीन मी मंजूर केली. चौथ्यापुढे शेऱ्याचा रकाना रिकामा होता. मी पेन घेतलं आणि स्वच्छ, सरळ अक्षरात लिहिलं: 'खिडकीशेजारी बसण्यास अनुरूप नाही.' खाली सही केली, शिक्का मारला आणि कागद पुढे पाठवून दिला.